नाव न विचारणारं वाचनालय

आमच्या मुलुंड पूर्वेच्या वाचनालयाला रस्त्याच्या बाजूने तीन दरवाजे होते आणि तिन्ही दुकानाचे होते. म्हणजे फळ्यांचे. सकाळी एकेक फळी खाचेतून काढून भिंतीला टेकवायची आणि संध्याकाळी पुन्हा ओळीने लावायची. नवीन माणसाला वाटायचं, इथे पूर्वी किराणा मालाचं दुकान असणार. तसं काही नव्हतं. ज्या गृहस्थांनी जागा दिली आणि इमारत बांधून घेतली, त्यांचा वाचनावर विश्वास होता, पण वाचणाऱ्यांवर तेवढा नसावा. वाचनालय चाललं नाही तर निदान तीन गाळे तरी भाड्याने जातील, असा विचार करून त्यांनी ती दारं ठेवली. मला हा न पाहिलेला माणूस फार आवडतो. दान करतानाही त्याने डोकं ठिकाणावर ठेवलं होतं.

मी जन्मभर एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढले. मी बाई असले तरी हुद्दा शेवटपर्यंत ‘ड्राफ्ट्समन’च राहिला. तो बदलून घ्यायचं माझ्या साहेबांना सुचलं नाही आणि मलाही त्यासाठी भांडायचा उत्साह नव्हता. पण त्यामुळे इमारत दिसली की डोळ्यांपुढे आधी तिचा नकाशा उभा राहतो, मग ती. आमच्या वाचनालयाचा नकाशा कोणालाही काढता आला असता, इतका साधा होता. खाली एक लांब खोली, शहाबादी फरशीची. तीन बाजूंना भिंती आणि त्यात अगदी वर, हात पोचणार नाही अशा उंचीवर, झरोके. खालच्या भिंती कपाटांसाठी मोकळ्या राहाव्यात म्हणून ते तसे काढलेले. पुढे कपाटं वरच्या मजल्यावर गेली आणि भिंती नुसत्याच उभ्या राहिल्या. वरचा मजला नंतर चढवलेला. कौलं उतरवून स्लॅब टाकला आणि आत जिन्याला जागाच उरली नाही, म्हणून बाहेरून लोखंडी गोल जिना लावला. त्या जिन्याने चढून वर गेलं की सभासदांचा विभाग. तिथे वर्गणी, कार्ड आणि घरी न्यायची पुस्तकं, आणि भिंतभर संगमरवरी पाट्या: कोणाच्या स्मरणार्थ कपाट, कोणाच्या स्मरणार्थ पंखा. एका पाटीवर तर खिडकीची जाळी कोणाच्या स्मरणार्थ आहे, तेही कोरलेलं होतं.

खालच्या मजल्यावर मात्र एकाही माणसाचं नाव नव्हतं. खाली मुक्तद्वार विभाग. कोणीही यावं, बसावं, वर्तमानपत्र वाचावं, उठून जावं. मधल्या दाराच्या वर दगडात दोनच ओळी होत्या: ‘आत यावे. नाव विचारले जाणार नाही.’

त्या ओळींमागची गोष्ट मला आमच्या आधीच्या ग्रंथपालांनी सांगितली होती. ते आता हयात नाहीत. वाचनालय सुरू करणाऱ्यांत एक गिरणीतले कामगार होते. सातारा जिल्ह्यातून आलेले, कसेबसे लिहायला शिकलेले आणि शिकल्यापासून वाचायचा नाद लागलेले. तरुणपणी ते शहरातल्या एका वाचनालयात गेले. दारावरच्या माणसाने नाव विचारलं. त्यांनी नाव सांगितलं. मग त्याने आडनाव विचारलं. तेही सांगितलं. आडनाव ऐकल्यावर तो माणूस म्हणाला, आज जागा नाही, नंतर या. आत अर्धी बाकं रिकामी दिसत होती. पुढे ते मुलुंडला राहायला आले, तेव्हा इथे मिठागरं, गवत आणि थोडी बैठी घरं होती. शेजारीपाजाऱ्यांनी मिळून दोन पत्र्याच्या ट्रंकांत पुस्तकं जमवली आणि ती एका शाळेच्या ओसरीवर संध्याकाळी उघडून ठेवू लागले. नंतर जागा मिळाली, इमारतीचं ठरलं आणि प्रत्येकाने आपापली हौस मांडली. कोणाला घड्याळ हवं होतं, कोणाला सभागृह. या माणसाने एकच अट घातली. आमच्या दारात कोणाला नाव विचारायचं नाही. सगळ्यांनी ती मान्य केली आणि दगडावर कोरून घेतली.

हा नियम दारावरच्या माणसासाठी होता, हे उघड आहे. आम्ही तो अंगात मुरवून घेतला. मुक्तद्वारात वर्षानुवर्षं शेजारी शेजारी बसणारी माणसंही एकमेकांना नाव विचारत नसत. कोणी तसं सांगितलेलं नव्हतं, पण विचारणं असभ्य वाटायचं. एकदा एका नव्याने आलेल्या काकांनी मोठ्या उत्साहाने सगळ्यांकडे नाव-गाव-ऑफिस अशी चौकशी सुरू केली, तेव्हा टेबलावरची सगळी डोकी वर्तमानपत्रात अशी घुसली की काका दुसऱ्या दिवसापासून बागेत जाऊन बसायला लागले. आम्ही एकमेकांना पानांवरून ओळखायचो. इथे वर्तमानपत्र सकाळीच सुटं करून ठेवायची पद्धत होती, म्हणजे एकाच अंकावर चार-पाच जणांचं भागायचं. त्यामुळे एक होते शेअरबाजारवाले, एक अग्रलेखवाले, आणि एक मावशी राशिभविष्य वाचून मगच पदर खोचून बाजारात जायच्या.

आणि एक होते माझ्या समोर बसणारे.

आता त्या टेबलाबद्दल सांगायला हवं. खोलीच्या मधोमध एकच लांब सागवानी टेबल होतं, दोन्ही बाजूंना उतार असलेलं, कौलारू छपरासारखं. उतारावर पान पसरायचं आणि ते घसरू नये म्हणून खाली लाकडी पट्टी. मधली कड चांगलीच उंच होती. खुर्चीत बसलं की ती हनुवटीच्या वर यायची. त्यामुळे समोरचा माणूस नाकापासून वर दिसायचा. चष्मा, कपाळ, केस असले तर केस. समोरच्या गृहस्थांना केस फारसे नव्हते. भुवया मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या होत्या. त्यांना मिशी आहे हे मला कळायला बरेच महिने लागले. एकदा ते पाणी प्यायला उठले तेव्हा दिसली.

मी तिथे जायला लागले ते आई गेल्यावर. लग्न केलं नाही, आईचं करता करता नोकरी संपली, आणि नोकरी संपल्यावर दोन वर्षांत आई. घरात मी एकटीच राहिले. एकटीला काही कमी नसतं, असं लोक म्हणतात. कमी असतं. दिवसातलं पहिलं वाक्य बोलायला दुपार व्हायची, तेही भाजीवाल्याशी, कोथिंबिरीवरून. मला बोलायला माणूस हवा होता असंही नाही. मला नुसतं कोणीतरी समोर असायला हवं होतं. त्या टेबलाशी ते मिळायचं.

ते गृहस्थ शब्दकोड्याचं पान घ्यायचे. मुक्तद्वारात पानावर पेन चालवायला सक्त मनाई, त्यामुळे ते कोडं मनातल्या मनात सोडवायचे, भुवया वरखाली करत. मग एकदा कुठेतरी अडले असावेत. त्यांनी पानाची घडी घातली, कडेवरून माझ्या बाजूला सरकवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, “घेवा.” त्या एका शब्दावरून कळलं की माणूस मालवणकडचा. मला उत्तर येत होतं. वाचायच्या खोलीत बोलायची तर सोय नव्हती, म्हणून मी टेबलाच्या कडेवर बोटाने अक्षरं काढली, उलटी, म्हणजे त्यांना सुलट दिसतील अशी. नकाशे काढणाऱ्याला उलट्या बाजूने अक्षरं काढता येतात, त्यात काही विशेष नाही. पण त्यांच्या भुवया जवळजवळ डोक्याच्या मागे गेल्या.

त्यानंतर रोजचं ठरून गेलं. दिवसातून एखाद-दुसरा शब्द अडायचा, कधी कधी तर मला वाटायचं की ते मुद्दाम अडतात. पान यायचं, “घेवा” यायचं, मी बोटाने लिहायचे, ते मान डोलवायचे. सात-आठ वर्षं आमचं एवढंच बोलणं. एकदाच आम्ही बाहेर भेटलो, मासळीबाजारात. पहिल्यांदाच एकमेकांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. ते माझ्या कल्पनेपेक्षा बरेच बुटके निघाले आणि मीही त्यांना कशी दिसले देव जाणे. दोघंही पिशव्या घेऊन नुसते उभे. शेवटी ते म्हणाले, “बांगडे बरे आसत आज.” मी म्हटलं, “हो का.” आणि मी बांगडे न घेता घरी आले, कारण मला पापलेट घ्यायचं होतं आणि तेही घ्यायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसल्यावर आम्हाला दोघांनाही हायसं वाटलं असणार.

मग इमारत धोकादायक ठरली. स्लॅबमधून सळया दिसत होत्या हे मलाही दिसत होतंच. मी ते वर मान करून बघायचं टाळत असे. पुनर्विकासाचं ठरलं. जागेवर टॉवर येणार आणि त्यात वाचनालयाला जागा मिळणार. नव्या इमारतीचे नकाशे वरच्या मजल्यावर लावले, तेव्हा मी गोल जिना चढून पाहायला गेले. नकाशे नीटनेटके होते. वाचनकक्ष पोडियमवर, म्हणजे गाड्यांच्या मजल्यांच्या वर. जायला टॉवरच्या लॉबीतून लिफ्ट आणि लॉबीत सिक्युरिटीचं टेबल. मी कार्यकारिणीतल्या एका तरुण सभासदाला विचारलं, “इथे काय करायचं?”

“काही नाही काकू. नाव, मोबाइल नंबर, फोटो. दोन मिनिटांचं काम.”

“आणि दारावरचा दगड?”

“तो आपण जपणार ना! आत भिंतीवर लावू, लाइट सोडून. झकास दिसेल.”

मुलगा चांगला होता. त्याच्यावर चिडून काय उपयोग? तरी मी चिडले. घरी येऊन चहाचं भांडं आपटलं आणि ते ऐकायलाही कोणी नव्हतं.

नवीन इमारत होईपर्यंत मुक्तद्वार विभाग रेल्वेच्या पलीकडे, पश्चिमेला, एका मंगल कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर हलवणार होते. तशी सूचना दाराला लावली. आणि नेमके त्याच सुमारास माझ्या समोरचे गृहस्थ यायचे बंद झाले.

आधी मी मनावर घेतलं नाही. गणपतीला, शिमग्याला ते गावी जायचे, तेव्हा खुर्ची रिकामी असायचीच. पण हे दिवस ना गणपतीचे ना शिमग्याचे. ते आजारी असतील, गावी असतील, कुठेही असतील, पण परत येतील तेव्हा इथे पत्रे ठोकलेले असतील. आपण कुठे गेलो हे त्यांना कळणार कसं? त्यांना नवीन जागा सांगायला हवी, एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात बसली. त्यांना कळलं नाही, तर माझ्या समोरची खुर्ची कायमची गेली.

मी ग्रंथपाल बाईंकडे गेले. तिशीतली, हुशार, माझ्याशी फार प्रेमाने वागणारी मुलगी.

“काकू, वरचे सभासद असते तर लगेच पत्ता काढून दिला असता. मुक्तद्वाराची नोंदच नसते ना आपली.”

“नोंद नको गं. नाव तरी कोणाला माहीत असेल.”

“तुम्हीच एवढी वर्षं समोर बसता. तुम्हाला नाही माहीत?”

तिने सहज विचारलं होतं. मला मात्र कोणीतरी भर बाजारात पकडल्यासारखं झालं.

शेअरबाजारवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, “ते भुवयांवाले? मला वाटायचं ते तुमचे नातेवाईक.” अग्रलेखवाल्यांनी मिठागराच्या बाजूला एका चाळवजा वस्तीकडे त्यांना वळताना पाहिलं होतं. मी तिथे गेले. एका ओट्यावर दोघी बायका लसूण सोलत होत्या. कोणाकडे जायचंय, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, एक गृहस्थ आहेत, मालवणी, डोक्यावर केस कमी, भुवया दाट. “अहो ताई, इथे सगळे मालवणी आणि सगळे टकले,” एक म्हणाली आणि दुसरी हसायला लागली. मीही हसले. मग त्यांनी मला तुमचं काय काम होतं असं विचारलं आणि मला ते सांगता येईना. एक माणूस मला शब्दकोड्याचं पान देतो, त्याला पत्ता सांगायचाय, हे काय सांगण्यासारखं काम आहे? मी पाणी पिऊन परत आले.

वर्तमानपत्रातलं निधनवार्तेचं पानही मी त्या दिवसांत वाचायला लागले. पण नाव माहीत नसलेल्या माणसाला तिथे शोधणार कसं? मी नुसत्या भुवया शोधायचे. फोटो बहुतेक तरुणपणचे असतात.

शेवटच्या दिवशी टेबल बाहेर काढलं. ते अखंड दारातून निघेना, म्हणून मधल्या कडेवर कापलं आणि दोन उतार वेगवेगळे टेम्पोत चढवले. मी थांबले नाही.

पत्रे लागल्यावर मी रोज सकाळी तिथे जाऊन उभी राहायला लागले. मंगल कार्यालयातला विभाग उघडायच्या आधी थोडा वेळ. गेटवर एक वॉचमन बसवला होता, उत्तर प्रदेशातला, माझ्याच वयाचा. पहिल्या दिवशी त्याला वाटलं मला फ्लॅट बुक करायचाय. मग त्याने मला खुर्ची द्यायला सुरुवात केली. एकदा मी घरून कागदावर नवीन जागेचा पत्ता लिहून पत्र्याला चिकटवायला नेला. वर ‘श्री.’ लिहिलं होतं आणि पुढे जागा कोरी होती. माझं अक्षर चांगलं आहे, पण त्या ‘श्री.’च्या पुढे काय लिहायचं ते सुचेना. मग सर्वांसाठी असल्यासारखा नुसता पत्ता लिहून चिकटवला. दुसऱ्या दिवशी त्यावर क्लासेसची जाहिरात लागली होती.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला. पुलाच्या पायऱ्या चढून पश्चिमेला जायचं आणि त्याआधी इथेही यायचं, हे दोन्ही जमेना. मी विचार केला, ते येतील तर चौकशी करून मंगल कार्यालयातच येतील. आपण तिथेच बसावं, जागा धरून. म्हणून मी रिक्षाने थेट पश्चिमेला जायला लागले. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि लग्नाची सपाट टेबलं, एकमेकांना जोडून ठेवलेली. समोरचा माणूस कमरेपासून वर सगळा दिसायचा. मी समोरच्या खुर्चीवर माझी पर्स ठेवायचे. कोणी विचारलं तर सांगायचे, येणार आहेत.

महिन्याभराने बँकेच्या कामाला पूर्वेला गेले होते, तेव्हा जुन्या जागेवरून गेले. आत खड्डा झाला होता आणि वर मोकळं आभाळ दिसत होतं. वॉचमनने मला लांबूनच हात केला.

“अरे मॅडम! आप आना बंद कर दिये. आपके जैसे एक अंकल आये थे, लायब्ररी पूछने.”

मी जागेवरच थांबले. “कैसे दिखते थे?”

त्याने स्वतःच्या भुवयांवर दोन बोटं ठेवली आणि ती बाहेर ओढून दाखवली. पुढे काही विचारायची गरजच नव्हती. तरी मी सगळं विचारलं. मागच्याच आठवड्यात आले होते, सकाळी. बरोबर मुलगा होता, सामानाची गाडी घेऊन. मुलाने लवकर चला म्हणून घाई केली, तरी ते थोडा वेळ बसून राहिले.

“मैंने बोला, लायब्ररी वेस्ट में गया, उधर जाओ. बोले, गाडी खडी है, टाइम नहीं है, गाव जा रहा हूँ. हमेशा के लिए. बोले, एक मॅडम को बताके जाना था.”

“तुम बोले नहीं, मॅडम आती थी इधर?”

“मैंने पूछा ना, कौन मॅडम, नाम क्या है. इधर तो कितने लोग आते हैं पूछने. उनको नाम नहीं मालूम था. बोले, सामने बैठती हैं. अब मैं क्या समझूँ, किसके सामने?” त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, “वो आप ही हैं क्या?”

त्या दिवशी सकाळी, त्या वेळेला, मी स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला पर्स ठेवलेल्या खुर्चीसमोर बसले होते.

“हाँ,” मी म्हटलं, “मैं ही हूँ.” आणि एवढी वर्षं घरात जे आलं नव्हतं ते रडू मला तिथे, भर रस्त्यात आलं.